फॅशनची डिग्री नाही, तरी यूकेत रिटेल बायिंगच्या ग्रॅज्युएट स्कीमला अप्लाय करू का?

प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी सोलापूरची, बी.कॉम. झालेली, आता लीड्सला मार्केटिंगमध्ये एमएससी करतेय. इथल्या मोठ्या रिटेलर्सच्या ग्रॅज्युएट स्कीममध्ये (नव्या पदवीधरांना घेऊन शिकवत तयार करणारी नोकरी) बायिंगसाठी, म्हणजे दुकानासाठी माल निवडून घ्यायच्या कामासाठी, अर्ज करायचाय. विचारतेय की फॅशनची डिग्री नसली तर चालतं का, निवडताना नेमकं काय बघतात, स्कीम हुकली तर पुढे काय, आणि "ताई मी स्वभावाने शांत आहे, मला घासाघीस जमेल का". शिवाय जाता जाता एक ओळ टाकलीये की मामांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, "पण त्याचा इथे काय उपयोग". या ओळीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मी मूळची नाशिकची. इथे एका सुपरमार्केटच्या ग्रॅज्युएट स्कीममधूनच लागले, आधी फळं बघितली, मग होमवेअरला गेले, आता माझ्या टीममध्ये येणाऱ्या नव्या मुलांचे इंटरव्ह्यू मीच घेते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

डिग्रीचं आधी मिटवून टाकू. लेस्टरला डी मॉन्टफोर्ट युनिव्हर्सिटीत फॅशन बायिंगचा वेगळा कोर्स आहे, तिथून आलेल्या मुलांना आमची बोली आधीपासून येते हे खरं, पण मोठ्या स्कीमना बहुतेक वेळा कुठल्याही विषयातली टू-वन (इथल्या पदवीचा फर्स्ट क्लासच्या खालचा वर्ग) चालते, काही ठिकाणी त्याखालची टू-टू पण. तुझं बी.कॉम. उलट प्लस आहे. कारण बायर म्हणजे कंपनीच्या पैशाने शॉपिंग करणारी बाई नाही. काय विकायचं, कुणाकडून घ्यायचं, किती किमतीला घ्यायचं आणि शेल्फवर काय किंमत लावायची हे बायर ठरवतो. तो माल किती घ्यायचा, कधी उतरवायचा, कुठल्या दुकानात किती पाठवायचा हे मर्चंडायझर बघतो. बजेटची चावी त्याच्याकडे असते. आपल्याकडे तिरुपूरच्या एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर म्हणजे ऑर्डर फॉलो-अप करणारा माणूस, इथे तसं नाही, म्हणून सीव्हीत भारतातला असा अनुभव टाकायचा असेल तर पदनाम लिहून थांबू नको, काम काय केलं ते लिही.

आता आकडे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. समज एक टॉप ३० पौंडाला विकायचाय. मोठ्यांच्या कपड्यांवर इथे २० टक्के व्हॅट, तो किमतीतच धरलेला, म्हणजे तुझ्या हातात २५ पौंड. कारखान्यातून निघून जहाजभाडं, ड्युटी सगळं धरून टॉप ९ पौंडाला पडला तर राहिले १६, म्हणजे २५ वर ६४ टक्के. याला आम्ही इनटेक मार्जिन म्हणतो आणि नवीन मुलं इथेच खूश होऊन थांबतात. १००० नग घेतलेत, त्यातले ६०० पूर्ण किमतीला गेले, ३०० सेलमध्ये २० ला गेले, उरलेले १०० अगदी १० पौंडाला काढावे लागले. व्हॅट वजा करून हिशोब कर, एकूण साधारण २०,८३३ पौंड आले, मालाचा खर्च ९,०००, मार्जिन ५७ टक्क्यांवर घसरलं. सात टक्के कुठे गेले? मार्कडाऊनमध्ये, म्हणजे सेलसाठी किंमत उतरवण्यात. आणि तोच टॉप लहान मुलांच्या मापाचा असता तर त्यावर व्हॅट शून्य, ३० च्या ३० हातात. मी इंटरव्ह्यूला हे गणित नेहमी कुठल्या ना कुठल्या रूपात घालते. चुकलं तरी चालतं, पण चेहऱ्यावर "हे मला का विचारताय" असं दिसलं की मी मनातल्या मनात पुढच्या नावाकडे गेलेली असते.

आता मामांचा कारखाना. इथल्या दुकानात बाथ टॉवेल साधारण ७० बाय १२५ सेंटिमीटरचा मिळतो, म्हणजे ०.८७५ चौरस मीटर. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हे तुला मी शिकवायला नको. ५५० जीएसएमचा टॉवेल साधारण ४८१ ग्रॅमचा, ५०० चा ४३७ ग्रॅमचा, फरक ४४ ग्रॅमच्या आसपास, हाताला पटकन कळतही नाही. पण ऑर्डर ५०,००० टॉवेलची असेल तर जवळपास २,२०० किलो सूत वाचलं. आता बायरपुढे प्रश्न हा की हे वाचलेले पैसे किंमत कमी करायला वापरायचे, मार्जिनला ठेवायचे, की वजन कमीच ठेवून सूत बरं घ्यायचं. आणि गिऱ्हाईकाला तीन धुण्यांनंतर काय जाणवेल? आमच्या टीममधल्या फॅशन शिकून आलेल्या मुलांना हे समजावताना मला टॉवेल कापून वजनकाट्यावर ठेवावा लागतो. तू लहानपणापासून सुताचे भाव वाढले की घरातले चेहरे कसे होतात ते बघितलंयस. कारखानदाराचं पेमेंट नव्वद दिवसांनी आलं की काय होतं तेही तुला माहितीये. उपयोग नाही म्हणे! अगं यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट तुझ्या सीव्हीत दुसरी नसेल.

म्हणून हे कर. मामांना फोन लाव आणि एका टॉवेलचं कॉस्टिंग लिहून घे, सूत किती, विणाई किती, डाईंग, शिलाई, पॅकिंग, त्यांचा नफा. मग लीड्समध्ये चार दुकानं फिर, म्हणजे एक सुपरमार्केट, प्रायमार्क, डनेल्म आणि जॉन लुईस. प्रत्येक ठिकाणी टॉवेलच्या किमतींची शिडी मांड, सगळ्यात स्वस्त कोणता, मधला कोणता, वरचा कोणता, जीएसएम लेबलवर आहे का, कुठल्या देशातून आला, किती रंग ठेवलेत, काय संपलंय, काय लाल स्टिकर लावून पडलंय. याला आमच्यात कॉम्प शॉप म्हणतात आणि नोकरीला लागल्यावरही दर थोड्या दिवसांनी हेच करायचं असतं. दोन पानांत मांडून शेवटी स्वतःचं मत लिही की या दुकानाने कुठला टॉवेल काढून टाकावा आणि का. काय ठेवावं हे कुणीही सांगतं. काय काढावं हे सांगायला हिंमत लागते, आणि आकडाही. भारत-ब्रिटन व्यापार कराराचं पण वाचून ठेव, सह्या २४ जुलै २०२५ ला झाल्या. आपल्या टॉवेलला इथे ड्युटी लागायची आणि पाकिस्तान, बांगलादेशचा माल सवलतीत यायचा, ती तफावत काढायचं त्यात ठरलंय. होमवेअरच्या इंटरव्ह्यूत हा विषय तू स्वतःहून काढलास तर समोरचा खुर्चीत सरळ होऊन बसेल.

पहिल्या वर्षाबद्दल मात्र खोट्या आशा ठेवू नको. फॅशनमध्ये खालची पायरी म्हणजे बीएए, बायर्स अ‍ॅडमिन असिस्टंट. मग असिस्टंट बायर, ज्युनिअर बायर, बायर अशी चढण. बीएएचं आयुष्य म्हणजे सॅम्पल. सॅम्पल आलं का, कुठे अडकलं, कुठला रॅक, कुठलं लेबल, फोटोशूटला गेलेलं परत आलं का. लॅब डिप (रंगवलेल्या कापडाचा नमुना) मंजूर झाला का, फिट सॅम्पलवर (माप बघायचा नमुना) टेक्नॉलॉजिस्टने, म्हणजे कपड्याचं माप-दर्जा तपासणाऱ्याने, काय शेरा मारला, गोल्ड सील (शेवटची मंजुरी) कधी मिळणार, आणि हे सगळं क्रिटिकल पाथ नावाच्या एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये रोज अपडेट करायचं, कारण एक तारीख घसरली की पुढच्या सगळ्या घसरतात आणि जहाज निघून जातं. सोमवार तर सगळ्या रिटेलमध्ये सारखाच असतो. गेल्या आठवड्याची विक्री, स्टॉक, येणारा माल हे सगळं विझी शीटवर, आणि बॉसला दहा वाजता उत्तर हवं असतं की निळा का नाही चालला. कंटाळवाणं आहे का? बऱ्याचदा, हो. पण हे करता करता एका नजरेत कळायला लागतं की कुठली लाइन (प्रॉडक्ट) मरणार, आणि ती नजर दुसऱ्या कुठल्या मार्गाने येते असं मला तरी दिसलेलं नाही.

फूड वेगळं. तिथे सीझन सहा महिन्यांचा नसतो, आठवड्याचा असतो. माझं पहिलं काम द्राक्षं, आणि मी नाशिकची म्हटल्यावर सगळे हसले. दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं संपत येतात आणि इजिप्तची अजून सुरू झालेली नसतात, त्या मधल्या खिडकीत, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, आपल्या नाशिकच्या मालाला इथे जागा असते. ती खिडकी चुकली की संपलं. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, आणि द्राक्षाला दहा दिवस म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको. बायरला तेव्हा ठरवावं लागतं की भारताचा आकडा कमी करून चिलीकडून जास्त उचलायचं का, आणि तसं केलं तर पुढच्या वर्षी तो शेतकरी आपल्यासाठी माल राखेल का. (भारतीय आहे म्हणून हिला वर्ल्ड फूड्स द्या, मसाले-लोणची सांभाळेल, असंही सुचवणारे होते. मला त्यात रस नव्हता आणि मी तसं सांगितलं. तुलाही कुणी सुचवेल. आवडत असेल तर घे, नाहीतर नम्रपणे सांग.)

फूडकडे जाणार असशील तर आणखी एक गोष्ट वाचूनच जा. किराण्याची वार्षिक उलाढाल एक अब्ज पौंडांच्या वर असलेल्या नेमलेल्या रिटेलर्सना २०१० पासून ग्रोसरीज सप्लाय कोड लागू आहे, म्हणजे सप्लायरशी कसं वागायचं त्याचे कायदेशीर नियम, मागच्या तारखेने अटी बदलायच्या नाहीत, पेमेंट उगाच लांबवायचं नाही वगैरे. २०१३ पासून त्यावर लक्ष ठेवायला वेगळा अधिकारीही आहे आणि बायर्सना दरवर्षी याचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. २०१४ मध्ये टेस्को या मोठ्या सुपरमार्केटने नफ्याचा अंदाज २५ कोटी पौंडांनी फुगलेला निघाला असं जाहीर केलं, त्याच्या मुळाशी सप्लायरकडून सवलती-जाहिरातींपोटी येणारे पैसे हिशोबात लवकर धरणं हा भाग होता, आणि २०१६ च्या जानेवारीत त्याच अधिकाऱ्याने टेस्कोने पेमेंट लांबवून कोड मोडल्याचा निर्णय दिला. बायरच्या टेबलावर झालेली गोष्ट कंपनीच्या ताळेबंदापर्यंत कशी जाते हे बी.कॉम.वालीला पटकन समजेल.

आता स्कीम. सगळ्या स्कीम एकसारख्या नसतात, नाव बघून अर्ज करू नको. काही ठिकाणी दोन वर्षं फिरवतात, थोडे दिवस दुकान, मग बायिंग, मग सप्लाय चेन. काही ठिकाणी पहिल्या दिवशीच एका कॅटेगरीत बसवतात. टीके मॅक्सवाले, म्हणजे वॉटफर्डचं टीजेएक्स युरोप, आधी मर्चंडायझिंगच्या बाजूने आकडे शिकवतात आणि मग बायिंगकडे नेतात, मला विचारशील तर ही पद्धत सगळ्यात चांगली. आल्डीची गाजलेली एरिया मॅनेजर स्कीम पगाराला तगडी आहे पण ते दुकानं चालवण्याचं काम आहे, बायिंग नाही, दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच. आणि हेड ऑफिस कुठे आहे ते बघ. लंडनची स्वप्नं बघणाऱ्यांना सांगते, नेक्स्ट लेस्टरजवळ एंडरबीला, असडाचं जॉर्ज लटरवर्थला, आल्डी अ‍ॅथरस्टोनला, मॉरिसन्स ब्रॅडफर्डला, बूट्स नॉटिंगहॅमला. यातल्या दोन-तीन ठिकाणी गाडी नसेल तर हाल आहेत. तुला लीड्समध्येच राहायचं असेल तर असडाचं मुख्य ऑफिस तिथेच आहे.

अर्ज साधारण सप्टेंबरपासून उघडतात, नोकरी पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होते, आणि बऱ्याच कंपन्या शेवटच्या तारखेची वाट न बघता जागा भरत जातात, म्हणून डिसेंबरमध्ये आरामात भरू म्हणशील तर दार बंद. आधी ऑनलाइन फॉर्म, मग आकड्यांची टेस्ट. त्यात टक्केवारी आणि तक्ते वाचणं एवढंच असतं पण वेळ कमी, रोज वीस मिनिटं सराव कर. मग रेकॉर्डेड व्हिडिओ इंटरव्ह्यू, ज्यात समोर माणूस नसतो आणि आपण स्क्रीनशी बोलत बसतो, भयानक प्रकार आहे, पण आहे. शेवटी असेसमेंट सेंटर. तिथे गटाला बजेट आणि दहा-बारा प्रॉडक्ट देतात आणि रेंज, म्हणजे दुकानात काय काय ठेवायचं ते, निवडायला सांगतात. आपली मुलं इथे दोन टोकांना जातात, एकतर गप्प बसतात नाहीतर सगळ्यांना सर शिकवतात तसं शिकवायला लागतात. बघणारा बघतो ते एवढंच, की बजेट ओलांडलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं आणि त्याने ते कसं सांगितलं. "मला फॅशनचं पॅशन आहे" हे वाक्य कृपा करून कुठेही वापरू नको.

व्हिसाचं कडू बोलूनच टाकते. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची (कंपनीने स्पॉन्सर केल्यावर मिळणारा नोकरीचा व्हिसा) किमान पगाराची साधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झालीये, नुकतं शिक्षण संपवलेल्यांसाठी सवलतीची मर्यादा ३३,४००, आणि काम पदवीच्या पातळीचं धरलं जायला हवं अशी अटही कडक झालीये. एप्रिल २०२५ ला किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाला २३,८०० च्या आसपास. बीएएचा पगार बऱ्याच ठिकाणी किमान वेतनाच्या थोडासाच वर असतो. म्हणजे थेट बीएए म्हणून लागलीस तर त्या पगारावर स्पॉन्सरशिप बसतच नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर स्पॉन्सरशिवाय मिळतो त्यावर, काम करता येईल, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पीएचडी नसेल तर तो दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहे. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एचआरला सरळ मेल टाक की या स्कीमला स्पॉन्सर करता का आणि कुठल्या व्यवसाय कोडखाली. बऱ्याच जणी सहा महिने अर्जांत घालवतात आणि मग हे विचारतात, तसं करू नको.

स्कीम मिळाली नाही तर? बाजूची दारं खूप आहेत. मर्चंडायझिंग असिस्टंट किंवा अ‍ॅलोकेटरच्या (कुठल्या दुकानात किती माल जाणार ते बघणारा) जागांना गर्दी तुलनेने कमी असते कारण सगळ्यांना सॅम्पल हवे असतात, आकडे नको असतात. सप्लायरकडे अकाउंट सांभाळायची नोकरी हे तर मला स्कीमच्या तोडीचं वाटतं, कारण तिथे तू चार रिटेलर्सचे बायर्स समोरून बघतेस. आणि एवढं लक्षात ठेव की मोठं नाव म्हणजे कायमची नोकरी नाही. बीएचएस २०१६ ला गेलं, टॉपशॉपवालं आर्केडिया नोव्हेंबर २०२० ला बुडालं, डेबनहॅम्सची दुकानं २०२१ ला बंद झाली, विल्को २०२३ ला. प्रत्येक वेळी एकाच महिन्यात ढीगभर बायर्स बाजारात आले आणि सगळे त्याच जागांना अर्ज करायला लागले. फूड आणि होम त्या मानाने टिकाऊ. शिवाय चार-पाच वर्षं एका कॅटेगरीत काढली की दुसरीकडे उडी मारणं अवघड जातं, तेव्हा पहिली कॅटेगरी निवडायला मिळालीच तर ती चकचकीत आहे का हे बघू नको, तिथला बायर शिकवणारा आहे का ते बघ. भारतात परत जायचं ठरलं तरी हा अनुभव वाया जात नाही, ट्रेंट, शॉपर्स स्टॉप, रिलायन्स रिटेल, डीमार्ट सगळ्यांकडे बायिंगच्या टीम आहेत, बऱ्याचशा मुंबईतच.

राहिला घासाघिशीचा प्रश्न. शांत आहेस हे चांगलंय. टेबलावर आवाज चढवणारे बायर मी बघितलेत, सप्लायर त्यांना ऐकवायला आधीच पाच टक्के चढवून येतो, ते पाच टक्के खाली आणून बायर खूश आणि सप्लायर त्याहून खूश. चांगली बोलणी म्हणजे तयारी. कापसाचा भाव गेल्या तीन महिन्यांत कुठे गेला, डॉलर कुठे आहे, या कारखान्याचे कुठले महिने रिकामे असतात, त्याला मोठी ऑर्डर हवीये की लवकर पैसे हवेत. कॉस्टिंग उघडून समोर ठेवायचं आणि एकेक ओळ विचारायची. "सूत स्वस्त झालं तरी ही ओळ तशीच का?" एवढं विचारून गप्प बसायचं, आणि गप्प बसणं तुला येतंच. कधी उत्तर इतकं बरोबर असतं की आपणच भाव मान्य करायचा असतो, कारण पिळून काढलेला भाव वजनात नाहीतर रंगात परत येतो, मामांना विचार, ते सांगतील कसा. पहिल्या वर्षी तुला कुणी एकटीला बोलणीला पाठवणार नाही, तू बायरच्या शेजारी बसून नोट्स घेशील. त्या नोट्समध्ये भाव लिहायच्या आधी सप्लायर कुठल्या ओळीवर थांबला, कुठे त्याने विषय बदलला ते लिहून ठेव. आणि टॉवेलची दोन पानं झाली की मला पाठव, मी लाल पेन घेऊन वाचते.